उपग्रह कानाने ओळखणारे अण्णा

अण्णा उपग्रह कानाने ओळखत. आमच्या रत्नागिरीच्या वेधशाळेत हवामान उपग्रहाकडून ढगांची चित्रं घेणारं यंत्र होतं आणि अण्णा त्याचे मेकॅनिक. उपग्रह डोक्यावर आला की यंत्रातून घड्याळासारखी टकटक येई. ती ऐकूनच अण्णा सांगत, "आज चित्र स्वच्छ येणार," नाहीतर, "आज नुसते पट्टे."

उपग्रह जेमतेम बारा-पंधरा मिनिटं टप्प्यात असायचा. तेवढा वेळ अण्णा गच्चीवर चाक फिरवत अँटेना त्याच्यामागे वळवत. तेव्हा साहेबांनी हाक मारली तरी ओ देत नसत. "साहेब थांबतील रे. तो थांबायचा नाय." हे साहेबांच्या कानावर गेलं होतं आणि ते विसरणारे नव्हते.

खाऱ्या वाऱ्याने अँटेनाची केबल सडत चालली होती. अण्णांनी नव्या केबलसाठी तीनदा पत्र लिहिलं. मी जावक कारकून. तिन्ही पत्रं मीच साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवली. सही झाली नाही, त्यामुळे जावक नंबरही पडला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका चित्रात दूर दक्षिणेला ढगांचा भोवरा दिसला. दुसऱ्या सकाळी केबलने दगा दिला. कागदावर काळे पट्टे. भोवरा कुठे सरकला, कळायला मार्ग नव्हता. अण्णा सायकल मारत बंदरावर गेले.

"आज होड्या काढू नका."

"बंदरात वादळाचा बावटा लागलाय काय?" एका होडीच्या तांडेलाने विचारलं.

"नाय."

"मग?"

अण्णांकडे दाखवायला चित्र नव्हतं. तीन होड्या गेल्या. दोन परत आल्या. तिसरीवर सात माणसं होती.

चौकशी लागली. यंत्राची निगा राखली नाही, असा ठपका अण्णांवर आला. पत्रं फाइलमध्ये नव्हतीच. चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यांनी पत्रं दिली होती? तुम्ही पाहिलीत?" साहेब शेजारीच बसले होते. मी अजून नोकरीत कायम व्हायचा होतो.

"आठवत नाही," मी म्हणालो.

अण्णांना सक्तीने घरी बसवलं. पंधरा दिवसांत नवी केबल आली. पहिलंच चित्र इतकं लख्ख निघालं, की किनाऱ्याची रेघ बोटाने गिरवता यावी. साहेबांनी ते आपल्या टेबलाच्या काचेखाली लावलं.

कायम झाल्याचा कागद हातात पडल्यावर मी पालीला अण्णांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकलं होतं. अण्णांनी ओटीवर बसवलं आणि आत हाक दिली, "चा टाक गो, वेधशाळेतला माणूस आलाय."

"दूध नाय," आतून वहिनी म्हणाल्या.

गोठ्याच्या दाराशी नुकत्याच काढलेल्या दुधाची चरवी होती. वर फेस तसाच. अण्णांनी तिकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"पाचची गाडी मिळेल तुला," अण्णा म्हणाले. "नीघ."