अस्वल कर

"चार पायावर हो. तुह्या बापाचं तोंड फाडलं ना अस्वलानं, तसंच कर. बाबू हासला पाह्यजे."

मालकीणबाई हे ओसरीत, सगळ्या बायांसमोर बोलल्या. बाया हसल्या. मी आठ वर्षांची होते. कुरखेड्याजवळ आमचं गाव. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारनं काढली होती, पण लोक मालकीणबाईंच्या घरच्यांना मालगुजारच म्हणत. माझी माय त्यांच्याकडे पायानं दाबायच्या ढेकीवर धान कांडायची. बाप मोहफुलं वेचायला गेला तेव्हा अस्वलानं धरला. वाचला, पण एक डोळा आणि अर्धा गाल गेला. त्या गालाकडे बघायची मला भीती वाटे. आणि रोज दुपारी मीच अस्वल व्हायचे.

बाबू पाच वर्षांचा. मालकीणबाईंची आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून याला खाऊ घालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी गुरगुरले की त्याचं तोंड उघडायचं, की तूपभात आत. तो माझ्याकडे बघायचा, भाताकडे कधीच नाही. पोट भरलं की नाही, हे त्याला कळतच नव्हतं. ओसरीची पायरी चढला की धाप लागायची. बाया म्हणायच्या, "कसा गुटगुटीत आहे!" मी उपाशी. तुपाचा वास नाकात आणि गुडघ्यांना शेण.

एक दिवस मी नखं काढून पुढे सरकले. घास तोंडात असताना तो खदखदून हसला. आणि एकदम थांबला. डोळे बाहेर, ओठ जांभळे. मालकीणबाईंच्या हातात पुढचा घास तसाच. मी उठले, त्याच्या पाठीत दोन बुक्के घातले. भाताचा गोळा बाहेर पडला. तो रडला.

माझ्या कानाखाली बसली. "उपाशी मेली! नजर लावली माह्या लेकराले!"

नजर लावणारी म्हणून नाव पडलं की गाव काय करतं, हे मी पाहिलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मलाच बोलावणं आलं. बाबू जेवत नव्हता.

"काऊन उभी आहेस वं? हो ना चार पायावर."

"नाई होत."

"काय म्हनली?"

"भूक लागली की खाईन तो. मी अस्वल नाई होत."

भीतीनं परकर ओला झाला होता. पण खाली वाकले नाही. आत ढेकीचा आवाज थांबला. माय बाहेर आली, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. ते काम सुटलं. पावसाळाभर कण्यांची पेज प्यायलो. बाबूसाठी त्यांनी दुसरी पोरगी आणली. ती माकड करायची.

आता माझी पणती चार वर्षांची आहे. दोन पायऱ्या चढली की धाप लागून बसते. नातसून तिच्यासमोर मोबाइल धरते. त्यात काहीतरी नाचतं, पोरीचं तोंड उघडतं, घास आत. पोर ताटाकडे बघत नाही. आज ते बघताना मला ती ओसरी दिसली. मी मोबाइल ओढून घेतला, तांदळाच्या पिंपात टाकला, झाकण लावलं.

"आजी, त्याच्याबिगर खातच नाई ते!"

"तूच शिकवलं तिले."

पोरीनं ताट फेकलं. नातू ओरडला, "आजी, दे तो इकडं."

दिला नाही. पोर जेवली नाही तर नको जेवू दे. भूक लागली की मागेल. तिनं स्वतःच्या तोंडानं मागेपर्यंत मी या पिंपावर बसले आहे. तेव्हासारखी भीती अजून वाटते. पण उठणार नाही.