पहिला नंबर

पनवेलच्या मच्छीबाजारामागच्या एका खोलीतून आम्ही काही जण दर शनिवारी गरजूंना शिधा वाटतो. सुरुवातीला लोक रस्त्यापलीकडेच घुटमळायचे. पहिलं कोणी यायचं नाही. मग एक मासळीवाली म्हातारी आली. नाव तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. टोपली बाजूला ठेवून ती टेबलासमोर उभी राहायची, तांदूळ-डाळीची पिशवी डोक्यावर घ्यायची आणि पलीकडच्या बायकांना ओरडून सांगायची, "या गो, लाजून काय चूल पेटत नाय."

रांग लागली की ती वळसा घालून मागच्या दाराने यायची आणि पिशवी परत ठेवायची. म्हणायची, "माज्या घरात हाय. पन कुनीतरी पयलं उभं रावाला पायजे."

पावसाळ्यात होड्या बंद असताना एका शनिवारी ती टोपलीशिवाय आली. नेहमीसारखीच पहिली उभी राहिली, नेहमीसारखीच ओरडली. मी मागचं दार उघडून थांबलो, पण ती आली नाही. बाहेर पाहिलं तर पिशवी डोक्यावर घेऊन ती ताठ मानेने भर बाजारातून घरी चालली होती.

पुढच्या शनिवारीही पहिला नंबर तिचाच होता. मागचं दार मी अजून उघडं ठेवतो. तिकडे बघायचं मात्र सोडलंय.