सहाव्या मजल्यावरचा वानवळा

सुलभा, लग्नानंतर मी गावाहून मुंबईला निघाले तेव्हा एसटी आली तरी आईचं पुड्या बांधणं चालूच होतं. कुळथाचं पीठ, कोकमं, सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, सगळ्याच्या चार-चार पुड्या. एवढं कोण खाणार, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "आधी शेजाऱ्यांक दी, मगे तुझ्या डब्यात घाल." कंडक्टरने घंटी मारली. नीट रडायलाही वेळ मिळाला नाही.

वाकोल्याच्या चाळीत सुरुवातीला मी कुणाशी बोलतच नव्हते. चौथी शिकलेली, त्यात बोलणं मालवणी. तोंड उघडायची लाज वाटायची. त्या पुड्यांनीच ओळखी करून दिल्या. मग दर मे महिन्यात गावाहून आले की वानवळा वाटायचा, हे ठरलेलंच. कोण काय खातं ते मला पाठ होतं. मेरी आंटीला सोडे, जोशीकाकूंना नुसती कोकमं, शिलाईवाल्या अन्सारीभाईंना कुळीथ आवडत नाही म्हणून आंबोशी, कैरीच्या सुकवलेल्या फोडी. तुला सगळंच, आणि वर तुझा टोमणा, "एवढंसंच गं? सासूने पिशवी तपासली वाटतं."

चाळ म्हणजे काही स्वर्ग नव्हता. संडासाच्या रांगेवरून आपण दोघी महिनाभर अबोला धरायचो. आता चाळीच्या जागी टॉवर झाला, दिवसभर पाणी आहे, आणि भांडायला माणूस नाही. चाळकऱ्यांना सहाव्या मजल्यावर घरं मिळाली आणि एकेकाने आपलं विकून टाकलं. तू बदलापूरला गेलीस, मेरी आंटी मुलीकडे वसईला. आता दारांवर नावं नाहीत, नुसते आकडे. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात. चेहरा ओळखीचा होतो न होतो तोच सामान खाली जातं. गेल्या महिन्यात नवा वॉचमन मलाच विचारतो, किसके यहाँ काम करती हो? इतकी वर्षं याच जमिनीवर राहून हे ऐकायचं. वैताग येतो नुसता.

या मे महिन्यात समोर नवं जोडपं आलं. तुम्ही काय खाता, हे विचारायची मला लाज वाटली, आणि मी मूर्खासारखी सोड्यांची पुडी नेऊन दिली. मुलगी हसून थँक यू आंटी म्हणाली. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, पुडी कचऱ्याच्या डब्याजवळ आणि खाली इंग्रजीत काहीतरी. माझ्या मुलाने, संदेशने वाचून दाखवलं. ते शाकाहारी होते. चूक माझीच. पण दार समोरच आहे ना? चार पावलं चालून येऊन सांगता आलं नसतं?

संदेश माझ्यावरच चिडला. "आई, लोकांच्या दारात काही घेऊन जाऊ नकोस गं. मागायला आलीस असं वाटतं त्यांना." मग मनात असलेलं बोलला. हे विकू आणि बदलापूरला मोठं घर घेऊ. घर माझ्या नावावर, म्हणून माझी सही तेवढी हवी होती.

तूही फोनवर म्हणालीस, ये गं, अर्धी चाळ इकडेच आहे. आणि बोलता बोलता सांगून गेलीस की दिवाळीपासून त्यातल्या एकालाही तू भेटलेली नाहीस.

रविवारी संदेशने कागद पुढे ठेवले, पेनचं टोपण काढून दिलं. आजवर बोट दाखवतील तिथे मी सही करत आले. त्या दिवशी हात मांडीवरून उचलला नाही. तो विचारत राहिला, इथे तुझं आहे काय, कोण ओळखतं तुला?

मला कधी धड बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण म्हटलं, "गावाहून आले तेव्हा चाळीची सवय करून घेतली. चाळ पाडली तेव्हा टॉवरची. आता दमले रे मी. आता त्यांनी माझी सवय करून घ्यावी."

त्याने पेनला टोपण लावलं. कागद परत गेले. मला इथे फार आवडतं असं नाही, सुलभा. पण ऊठ म्हटलं आणि मी उठले नाही, अशी जन्मात ही एकच जागा. मी तिलाच घर म्हणते.