चार मिनिटांचा नळ

आमच्या शेजारचे प्लंबर म्हणजे गळत्या नळांचे हाडवैरी. एकदा दात काढायला गेले, तर भूल चढेपर्यंत डॉक्टरांच्या बेसिनचा वॉशर बदलून आले. फक्त त्यांच्या स्वतःच्या मोरीतला नळ वर्षभर टपकत होता. वहिनी सांगून सांगून थकल्या. 'रविवारी बघू' एवढंच उत्तर.

त्यांच्या सहावीतल्या लेकीने, म्हणजे मुंगीने, विज्ञान प्रदर्शनासाठी तोच नळ धरला. रोज सकाळी सात ते आठ खाली बाटली ठेवायची, साठलेलं पाणी मोजायचं, वहीत मांडायचं. असं सात दिवस. बापाने हौसेने बाटलीसाठी लाकडी घोडी करून दिली, तिला रंगही दिला. तासाला तीनशे मिलिलिटर पाणी भरत होतं. पोरगी खूश.

सहाव्या दिवशी बाटली कोरडी.

"बाबा, नळाला हात लावलात?"

"दात घासत होतो गं. हात आपोआप गेला."

"वर्षभर मी सांगत होते, तेव्हा नाही गेला तो," वहिनी आतून म्हणाल्या.

प्लंबरसाहेबांनी जुना वॉशर परत बसवून पाहिला. एकदा धार लागली, एकदा थेंबही नाही. आयुष्यभर गळती बंद करणाऱ्याला गळती काही लावता येईना. मी दारातून म्हटलं, "भाऊजी, शिकवणी लावा."

"राहू द्या, बाबा. सहावा दिवस शून्य, सातवा शून्य. कारण: दुरुस्ती. तसंच लिहिते," मुंगी म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला. "अगं, प्लंबरच्या घरात वर्षभर नळ गळत होता, हे साऱ्या शाळेला कळेल. कोण बोलावेल मला कामाला?"

"पण खरं तेच आहे ना? दुरुस्तीला वेळ किती लागला?"

"अर्धा तास लिही."

"मी बघत होते हं," वहिनी.

खाली बघत ते पुटपुटले, "चार मिनिटं."

प्रदर्शनात मीही गेले होते, अशी संधी कोण सोडतं. परीक्षक बाईंनी तक्ता वाचला: ठिकाण प्लंबरचं घर, गळती एक वर्ष, दुरुस्ती चार मिनिटं. वर आकडे, खाली आलेख, सगळं मुंगीच्या अक्षरात. तिला त्यांनी पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरं तिने न अडखळता दिली.

"आणि हे प्लंबर कोण?" बाईंनी हसू दाबत विचारलं.

पालकांच्या गर्दीत मागे लपलेले आमचे शेजारी पुढे आले. लेकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मीच. हिचा बाप."