गुरुवारची दुआ

मी बोलायला लागले तीच अडखळत, असं आई सांगते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पप्पांची बदली लखनौला झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि 'प' आणि 'म' या दोन अक्षरांशी माझं वैर होतं. ओठ मिटायचे आणि मग काही केल्या उघडायचे नाहीत. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट, मॅडम' म्हणावं लागायचं. मी नुसता हात वर करायचे.

पप्पा फौजेत हवालदार होते, छावणीतल्या इस्पितळात. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती. पप्पा सकाळी ड्यूटीवर गेले की आई पलंगाशी गुडघे टेकायची. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायचे. सगळ्या नातेवाइकांसाठी मागून झालं की शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, "प्रभू, माझ्या लेकीची जीभ मोकळी कर." रोज तेच आणि तसंच.

येशूने सांगितलेल्या गोष्टींपैकी आईची आवडती म्हणजे त्या विधवेची. न्यायाधीश दाद देत नाही, तरी ती रोज त्याच्या दारात जाऊन उभी राहते. "मी पण तसलीच," आई हसून म्हणायची. "माझ्या कटकटीला कंटाळून तरी देईल."

लखनौला येऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा कोणीतरी आईला इंदिरा नगरातल्या एका घरी होणाऱ्या प्रार्थनासभेबद्दल सांगितलं. घर एका ठेकेदाराचं होतं. दुमजली, बाहेर पांढरी गाडी, आत संगमरवरी फरशी. शनिवारी संध्याकाळी पन्नासएक माणसं जमायची. तिकडचे ख्रिस्ती प्रभूला 'खुदावंद' म्हणायचे आणि प्रार्थनेला 'दुआ'. आईला ते फार गोड वाटायचं. गाणी झाली की माणसं उठून साक्ष द्यायची. कोणी म्हणायचं, खुदावंदने स्कूटरच्या जागी गाडी दिली. कोणी म्हणायचं, गोमती नगरला प्लॉट मिळाला. प्रत्येकाच्या तोंडी 'बरकत' हा शब्द. पप्पा मागे दाराजवळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचे. मला सभेनंतरच्या गुलाबजामात रस होता.

एका हिवाळ्यात तिथे बाहेरून एक प्रचारक आले. उत्तम सूट, मोठा आवाज. ते म्हणाले, गरिबी आणि आजार ही विश्वासणाऱ्याच्या घरातली गोष्टच नव्हे. देवाकडे एकदा मागा, मिळालं म्हणून आभार माना, आणि पुन्हा मागू नका. पुन्हा मागितलंत म्हणजे तुमच्या मनात शंका आहे.

मग त्यांनी आजारी लोकांना पुढे बोलावलं. आईने माझा हात धरला. मला जायचं नव्हतं, पण तिचा चेहरा इतका उजळला होता की मी गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने दुआ केली आणि माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"बोलो बेटी, 'प्रभु तेरा धन्यवाद'."

माझे ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. माइकमधून माझ्या श्वासाचा आवाज सगळ्या खोलीत येत होता. पुढे बसलेल्या दोन मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. प्रचारकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माइक बाजूला घेऊन आईला म्हणाले, "बहन, घर में किसी का ईमान कच्चा है."

आई तिथेच उभी राहिली. पप्पा मागून चालत आले, माझा हात घेतला आणि एवढंच म्हणाले, "चल बेटा, घरी जाऊ."

वाटेत त्यांनी स्कूटर थांबवून गरम शेंगा घेतल्या, चटणीमीठ टाकून. आम्ही तिघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या खाल्ल्या.

दुसऱ्या सकाळी आईची प्रार्थना ऐकत मी पडले होते. मामाचं झालं, आजीचं झालं, आणि आई 'आमेन' म्हणून उठली. माझं वाक्य आलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर मी वाट पाहिली. आईने मला सोडून दिलं, असं माझ्या मनाने घेतलं. रविवारी जेवताना मला रडू फुटलं. "आई, तू म... मेरे लिए मांगती क्यों नहीं?" घरात सगळे मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे.

आईचा घास हातातच राहिला. "मागितलं ना बाळा त्या दिवशी. आता परत मागितलं तर विश्वास नाही असं होईल. माझ्यामुळे तुझं अडायला नको."

पप्पा सभेबद्दल तोवर एक शब्द बोलले नव्हते. आमटी वाढून घेत ते म्हणाले, "मग ती तुझी विधवा? तिला नाही कोणी सांगितलं, बाई, एकदाच येऊन जा म्हणून?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. आधी हसली, मग पदर डोळ्याला लावून रडली. दुसऱ्या सकाळी माझं वाक्य परत आलं. मी पांघरुणात तोंड खुपसून ते ऐकलं.

आम्ही सभेला जाणं सोडलं. त्यानंतर एका गुरुवारी दुपारी क्वार्टरसमोर सायकलरिक्षा थांबली. त्यातून ठेकेदाराच्या पत्नी उतरल्या. मी त्यांना आंटी म्हणायचे. पन्नाशीच्या, अंगावर चिकनच्या भरतकामाची पांढरी साडी. घरात गाडी असताना त्या रिक्षाने का आल्या, ते मला कळेना. माझा मफलर त्यांच्याकडे राहिला होता, तो द्यायला आले, म्हणाल्या. मफलर दिला तरी उठेनात.

"उस दिन बिटिया के साथ जो हुआ, मुझे अच्छा नहीं लगा," त्या म्हणाल्या, आणि एकाएकी त्यांचा बांध फुटला.

त्यांचा मुलगा मुंबईत मोठ्या कंपनीत आहे, असं सभेत सगळ्यांना माहीत होतं. खरं असं होतं की बापाशी भांडून तो दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. मध्ये एक पोस्टकार्ड आलं होतं, तेही पत्त्याशिवाय.

"हमारे घर में रोने की इजाज़त नहीं है, बहन," त्या म्हणाल्या. "मीटिंग हमारे यहाँ होती है न."

आईचं हिंदी मोडकंतोडकं होतं. तिने त्यांचा हात हातात घेतला. "दीदी, इधर आके रोना. और रोज मांगना. मैं भी रोज मांगती."

तेव्हापासून आंटी दर गुरुवारी यायला लागल्या. आई कांदेपोहे करायची. त्याला त्या 'आपका वाला चूड़ा' म्हणायच्या. खाऊन झालं की दोघी चटईवर बसून प्रार्थना करायच्या, आई मराठीत, त्या हिंदीत. मी शाळेतून आलेली असायचे, कोपऱ्यात गृहपाठ करत.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "आज दुआ बिटिया करेगी."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"हम बैठे हैं," त्या म्हणाल्या. "हमें कहीं नहीं जाना."

त्यांनी डोळे मिटले, आईनेही मिटले. मी सुरुवात केली आणि 'प्र' वरच अडकले. नेहमी अशा वेळी कोणीतरी माझा शब्द पुरा करून टाकायचं, किंवा आईचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. त्या दिवशी कोणी काही केलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आंटींचे हात मांडीवर सैल पडलेले होते, जणू मी मुळी अडलेलीच नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे, पण माझे ओठ सुटले. "प्रभु, भैया को घर भेज दो."

"आमीन," आंटी म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. पुढे दर गुरुवारी ते काम माझ्याकडे आलं. अडखळणं कमी झालं नाही, पण त्या चटईवर त्याची भीती वाटेनाशी झाली.

सगळे गुरुवार असे नव्हते. आईने त्यांना त्या विधवेची गोष्ट आधीच सांगितली होती; एकदा आंटी आल्या त्याच चिडून. "आपका वो जज बहरा है क्या? साल भर हो गया." आईने परात पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "मालूम नहीं, दीदी." त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. दोघींनी परातभर मटार सोलले, आणि जाताना आंटींनी आईला मिठी मारली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आग्रह करून आम्हाला एका शनिवारी सभेला बोलावलं. साक्षीची वेळ आली तेव्हा त्या स्वतःच उठल्या.

"मेरे पास गवाही नहीं है," त्या म्हणाल्या. "दुआ की दरख़्वास्त है." आणि त्यांनी मुलाचं सगळं खरं सांगितलं.

ठेकेदार अंकल पुढच्या खुर्चीत फरशीकडे बघत बसले होते. मला वाटलं, आता ते रागावतील. ते उठले, बायकोशेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गलती मेरी थी. हाथ मैंने उठाया था." मग मागच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलं. एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याला दिसेनासं होत चाललं आहे आणि हे त्याने सुनेला कळू दिलेलं नाही. त्या संध्याकाळी गाडीचं नाव कोणी काढलं नाही.

दोन वर्षांनी आमची अंबाल्याला बदली झाली, तोवर मुलाचा पत्ता नव्हता. निघायच्या आदल्या गुरुवारी आंटी आल्या तेव्हा दोघींपैकी कोणालाच प्रार्थना सुचेना. मीच केली. नेहमीसारखीच अडखळत. आता मी बँकेत नोकरी करते, आणि फोनवर बोलताना आजही माझे ओठ मिटतात. आई अजून रोज मागते. मी एकदा तिला म्हटलं, आता पुरे कर, मला सवय झाली आहे. ती म्हणाली, "मला पण झाली आहे सवय. तुझ्या निमित्ताने रोज त्याच्याशी बोलणं होतं."

अंबाल्याला आल्यावर सातआठ महिन्यांनी आंटींचं पत्र आलं. आईचे हात कणकेचे होते, म्हणून मला वाच म्हणाली. मुलगा परत आला होता. खूप वाळला होता, हातात एक थैली फक्त. स्टेशनवर आणायला अंकल एकटेच गेले होते. बापलेक घरी आले तेव्हा काही बोलत नव्हते, पण थैली अंकलच्या खांद्यावर होती. तो दोन दिवस नुसता झोपला, आणि आंटी दर थोड्या वेळाने दारात जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना ते बघून येत होत्या.

आई कणकेच्या हातांनी तशीच जमिनीवर बसली. "परत वाच," म्हणाली. मी वाचलं. "परत." तिसऱ्या वेळी पप्पाही येऊन बसले.