मेंदूतले चपराशी

माझ्या संशोधनाबद्दल आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा विचारलं ते माझ्या वडिलांनी, आणि विचारलं ते एकच. संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी येऊन मी चपला काढते न काढते तोच अण्णा खुर्चीतून म्हणायचे, "बाई, तू नेमकं करतेस तरी काय?" काल सांगितलेलं असायचं, परवाही सांगितलेलं असायचं. दोन वर्षं हे चाललं होतं.

मी मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींवर काम करते. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतून त्या काढायच्या, बशीत वाढवायच्या आणि आजारात त्यांचं काय बिघडतं ते पाहायचं. नातेवाइकांना हे सांगायची सोय नव्हती. मेंदू म्हटलं की लासूर स्टेशनचे मामा अर्धशिशीवर गोळी मागायचे, आणि मी माणसांची डॉक्टर नाही म्हटलं की आईकडे वळून विचारायचे, "एवढं शिकून उंदीर?"

अण्णा मात्र नीट ऐकायचे. ते कन्नडच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. निजामाच्या राज्यात, पोलिस ॲक्शनपर्यंत, त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं होतं, त्यामुळे शिपायाला ते अजून चपराशीच म्हणत. पहिल्यांदा मी त्यांना पुस्तकातलं सांगितलं. मेंदूत चेतापेशी निरोप पाठवतात म्हणून सगळं कौतुक त्यांचं होतं. पण त्यांना खाऊ घालायचं, त्यांनी सांडलेली रसायनं उचलायची, त्यांच्यापर्यंत रक्त वेळेवर पोचतंय का ते पाहायचं, हे सगळं ॲस्ट्रोसाइट करतात. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे चपराशी."

मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. "तहसीलदार सही करतो, नाव त्याचं होतं. पण कोणती मिसल, कोणती फाइल कोणत्या कपाटात आहे, पाणी कधी भरायचं, कोणाला आत सोडायचं न् कोणाला बाहेर बसवायचं, हे चपराशी बघतो. तहसीलदार महिनाभर रजेवर गेला तर कचेरीला पत्ता लागत नाय. चपराशी एक दिवस आला नाय तर साहेबाला स्वतःचा शिक्का सापडत नाय."

इतकी वर्षं मी मोठमोठ्या प्राध्यापकांची भाषणं ऐकली होती, इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी चपराशापासूनच सुरुवात केली. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "वा! कोणाला सुचलं हे?"

"तुम्हालाच."

"मग बरोबरच असणार."

पुढचा भाग असा असायचा, की आजारात हे चपराशी बिथरतात. फुगतात, नेमून दिलेली कामं सोडतात, काही तर साहेबांच्याच जिवावर उठतात. ते का बिथरतात आणि परत कामाला लागतील का, हे मी शोधते. यावर अण्णांचा सल्ला ठरलेला असायचा, "बदली करून उपयोग नाय. समजूत काढावी लागते." आणि त्यापाठोपाठ प्रश्नही ठरलेला, "असा आजार होतो कोणाला?"

"उंदरांना, अण्णा."

"बिचारे," अण्णा म्हणायचे.

खरं सांगायचं धाडस मला होत नव्हतं, कारण तो आजार अण्णांनाच होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी मला आणि आईला बाजूला घेऊन विस्मरणाच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. अण्णांना आम्ही "वयोमानानं होतं" एवढंच सांगितलं. कचेरीतली एकेक मिसल पाठ असणारा हा माणूस दोनदा डबा घेऊन कन्नडच्या बसमध्ये जाऊन बसला होता. आपल्याला काय झालंय हे त्यांना कळलं तर ते खचतील, या भीतीनं घरात आम्ही ते नाव कधी उच्चारलं नाही.

अशात आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी माझं भाषण ठेवलं. विषय विस्मरणाचा आजार. परस्पर फलक लावला, त्यावर माझा फोटो छापला आणि मग मला विचारलं. मी हो म्हटलं, पण आईला बजावलं, की त्या वेळी अण्णांना हर्सूलच्या देवीला घेऊन जायचं. आई नारळ घेऊन वेळेवर निघालीसुद्धा. फक्त तिनं रिक्षा केली ती कोपऱ्यावरच्या चाचांची. त्यांनी मला शाळेच्या दिवसांपासून रिक्षातून पोचवलेलं. वाटेत त्यांना फलक दिसला आणि त्यांनी रिक्षा वळवली.

"अहो, हर्सूलला चला ना!" आई म्हणाली.

"देवी तो उधरिच रहती भाबी. पोरी का भाषण छूट जाएंगा!"

चाचांनी अण्णांना हाताला धरून पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. आई नारळ घेऊन दारात उभी. अध्यक्षांना वाटलं, उद्घाटनासाठीच आणलाय. त्यांनी तो घेतला आणि फोडला. देवीचा नारळ असा कॉलनीच्या कामी आला, आणि आईनं माझ्याकडे पाहायचंच टाळलं.

माझ्याकडे पंधरा स्लाइड होत्या, त्यातल्या सात लक्षणांच्या. अण्णा समोर बसलेले असताना त्या दाखवायच्या कशा? मी प्रोजेक्टर बिघडल्याचं जाहीर केलं. मागे भिंतीवर पहिली स्लाइड लख्ख दिसत होती, पण मोठ्या मनानं कोणी बोललं नाही. मग मी चपराशी सुरू केले. लोक हसले, माना डोलवायला लागले. साहेबाला शिक्का सापडत नाही, इथवर आले तेव्हा अण्णांनी हात वर केला.

"चूक आहे. शिक्का चपराशाकडे नसतो, नाझर कारकुनाच्या ताब्यात असतो. हे ज्यानं सांगितलं त्यानं कचेरी बघितलेली नाय."

सभागृह खो खो हसलं. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका उठल्या. "ते सगळं छान, पण घरातल्या माणसाला हा आजार झालाय हे ओळखायचं कसं?"

मी पाणी प्यायले. "प्रत्येकाचं वेगळं असतं," म्हटलं. पुन्हा पाणी प्यायले. अण्णा काठी टेकत उठले.

"थांब, मी सांगतो," ते म्हणाले आणि लोकांकडे वळले. "सोपं आहे. घरातले लोक एकदम लई गोड बोलाया लागतात. ही माझी लेक. लहानपणापासून लई चिडकी. एकच गोष्ट दोनदा विचारली की भांडं आपटायची. दोन वर्षं झाली, मी रोज तेच विचारतो, एकदा बी चिडली नाय. तवाच मी समजलो."

लोक पुन्हा हसले. चाचा हसले नाहीत, आणि दारात आईनं पदर तोंडाला लावला. मला इतकं अपराधी वाटलं, की हातातला माइक चालू आहे हेही विसरले.

"अण्णा, मग तुम्ही रोज विचारता ते..."

"काही दिवस खरंच विसरतो," अण्णा म्हणाले. "काही दिवस सगळं ध्यानात असतं. तरी विचारतो. नाय विचारलं तर तू चपला काढून सरळ आत निघून जातेस."