गोदामात आलेलं वादळ

"दोरी सोडू नका रे, दोरी!" नवरीचा मामा ओरडत होता, आणि ओरडताना त्याचे दोन्ही पाय जमिनीपासून दीड हात वर होते. दीड हात मी कमी करून सांगतो आहे. मामा स्वतः म्हणतो की पाय टेकलेलेच होते, फक्त चप्पल उडाली. पण वर लटकलेल्या माणसाला खालचं काय दिसणार?

कोंढा गावातलं लग्न होतं ते, भर वैशाखातलं. दुपारचा मुहूर्त आटोपला होता, दुसरी पंगत बसली होती, बुंदी वाढणारे नुकते निघाले होते. तेवढ्यात नदीच्या अंगानं असं वादळ आलं की पंगतीतल्या माणसांनी आधी पत्रावळी धरल्या आणि मग लेकरं. मंडप माझा होता. शहापूरला माझं बिछायत केंद्र आहे. लग्न, बारसं, तेरवी, गावात काहीही असो, मंडप-पडदे-गाद्या आमच्याकडून जातात. त्याच वर्षी मी गुलाबी-पांढरं, झालरीचं नवंकोरं कापड घेतलं होतं. ते कापड त्या दिवशी बांबूसकट उठलं, त्यानं मामाला उतरवलं, पंगतीवरून एक घिरटी घातली आणि निघून गेलं. अर्धं पवनीच्या वाटेवरच्या बाभळींत सापडलं, चिंध्या होऊन. उरलेलं वैनगंगेपार गेलं असं मी सांगतो. ज्याला खोटं वाटतं त्यानं पलीकडे जाऊन पाहून यावं. कोणाला खरचटलंही नाही, एवढं मात्र माझी बायकोसुद्धा खरं मानते.

सगळे हळहळत होते आणि मी उभा राहून हसत होतो. मामा चप्पल शोधत माझ्याजवळ आला.

"तुमचा मंडप गेला न तुमी हासून काहून राहिले जी?"

"मामाजी, इमा हाय," मी म्हणालो. त्या क्षणी साऱ्या जिल्ह्यात माझ्याएवढा शहाणा माणूस नव्हता.

त्या शहाणपणाची कथा अशी. विमा एजंट माझा शाळेतला दोस्त. फॉर्म भरताना त्यानं विचारलं होतं, "माल कुठं राहते?" मी विचार केला, माल गावोगाव फिरतो म्हणून सांगितलं की हा हप्ता वाढवणार. म्हणून म्हणालो, "गोदामात. दोन कुलपं. इंचभर हालत नाही. उंदीरबी विचारून आत येते."

"अबे, बिछायतीचा माल हालत नाही?"

"तू लिह."

त्यानं लिहिलं. हप्ता खरंच कमी आला. एवढ्या मोठ्या कंपनीला शहापुरात बसून कसं गंडवलं, ते मी पुढं महिनाभर चहाच्या टपरीवर रोज सांगत होतो, आणि रोज त्यात थोडी भर पडत होती.

कोंढ्याहूनच मी दोस्ताला फोन लावला. फाटलं, उडालं, गेलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गोदामात कसं काय फाटलं?"

"गोदामात नाही, कोंढ्याले."

पलीकडे त्यानं कागद चाळले. मग म्हणाला, "पॉलिसी तर शहापूरच्या गोदामाची हाय ना बे."

आता हसू थांबलं. कारण आठच दिवसांनी बाजूच्या गावात दुसरं लग्न होतं. मुलीच्या बापानं तेच गुलाबी कापड पाहून मंडप सांगितला होता. क्लेम मिळाला तर नवं कापड येणार होतं. नाही मिळाला तर हे लग्न हातचं जाणार, आणि बिछायतवाल्यानं ऐन वेळी नाही म्हटलं की त्याचं नाव सीझनभर कोणी घेत नाही.

मग मी ते केलं जे कोणत्याही हुशार माणसानं केलं असतं. बाभळीतल्या चिंध्या टेम्पोत भरून घरी आणल्या, गोदामात पसरल्या, दोन बांबू आडवे टाकले आणि वादळ इथंच आलं होतं असं ठरवलं.

नुकसान तपासायला कंपनीचे सर्व्हेअर नागपूरहून आले. बारीक, इस्त्रीच्या शर्टातले, कमी बोलणारे. असा माणूस मला आधीपासून आवडत नाही, कारण माझं सगळं बोलणं त्याच्याकडं जमा होतं आणि परत काही येत नाही.

"वादळ कुठून आत आलं?"

"खिडकीतून, साहेब. असा आवाज, की भिंती हालल्या."

ते खिडकीपाशी गेले. खिडकीच्या गजांवर कोळ्याचं जाळं होतं, परातीएवढं, आणि मधोमध कोळी निवांत बसला होता. साहेबांनी त्याचा फोटो काढला. मग एक चिंधी उचलून झटकली. तिच्यातून पिवळ्या अक्षता पडल्या. पाठोपाठ बुंदीचे दाणे पडले, मुंग्यांसकट.

"गोदामात लग्न होतं का?"

"कापड धुवाचं राहिलं होतं, साहेब. आधीच्या लग्नातलं हाय ते."

तेवढ्यात बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. साहेबांनी तिला सहज विचारलं, "ताई, त्या दिवशी इथं वारा बराच होता म्हणे?"

मी तिच्याकडं पाहून भुवया वर केल्या, खाली केल्या, खोकलो.

"त्या दिवशी मी आंगणात पापड वाळू घातले होते जी," ती म्हणाली.

"उडाले का?"

"नाही. एक गाईनं खाल्ला."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. गाय कागदावर गेल्यावर पुढं खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी खाटेवर बसलो आणि कोंढ्याची खरी हकीकत सांगितली, मामासकट. ते पहिल्यांदाच थोडे हसले.

"असं आहे," ते म्हणाले, "विमा तुमच्या मालाचा नाही. या चार भिंतींत असलेल्या मालाचा आहे. माल उंबऱ्याबाहेर गेला की आमच्यासाठी तो नाहीच."

"पण साहेब, बिछायतीचा माल घरी असला म्हणजे धंदा बसला. जवा धंदा चालते तवा इमा नाही, न धंदा बसला की इमा हाय?"

"बाहेर नेलेल्या मालाचाही मिळतो. फॉर्मवर एक ओळ जास्त, हप्ता थोडा जास्त. तुम्हाला विचारलं नव्हतं का?"

बायको दारातच उभी होती. "इचारलं होतं जी," ती म्हणाली. "उंदराचं सांगितलं यायनं."

साहेब तांब्या रिकामा करून गेले. त्यांनी खोट्या वादळाबद्दल अहवालात काही लिहिलं नाही, हे मला पुढं कळलं. फक्त एवढंच लिहिलं: नुकसान विमा घेतलेल्या जागेत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीच्या बापाकडं गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होतो. तो अंगणात दाराला आरसा टांगून दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. मी उभ्या उभ्या सुरुवात केली. वादळ सांगितलं, मामा सांगितला, जो आता ताडाएवढा उंच गेला होता. कंपनी, कलम, चार भिंती, उंबरा, सगळं सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातली माणसं कुंपणाशी आली. शेवटी म्हणालो, "आता तुमी मले काय बोलाचं ते बोला, भाऊ. लेकीच्या लग्नाले मंडप नाही. मी मान खाली घालून उभा हावो."

त्यानं उरलेल्या गालाची दाढी उरकली. वस्तरा धुतला. आरसा खिळ्यावरून काढला.

"आंब्याखाली लावू लगन," तो म्हणाला. "तुमी जेवाले या."